ओट्सच्या कुकीज आधी पसरतात, मग कडक होतात: दोन्हींचं मूळ एकच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका अमेरिकन कृतीवरून तुम्ही ओट्स आणि बेदाण्यांच्या चमच्याने सोडायच्या कुकीज केल्या. एक कप बटरऐवजी घरचं साजूक तूप वितळवून एक कप घातलं. ब्राऊन शुगर नव्हती म्हणून गुळाची पावडर घेतली. ओट्स नाश्त्याच्या पाकिटातले, बेदाणे डब्यातून काढले तसेच. ट्रेवर सगळ्या कुकीज वितळून एकमेकींत मिसळल्या, कडेने तूप सुटलं, वरचे बेदाणे काळे पडले आणि उरलेल्या कुकीज दुसऱ्या दिवशी दाताने तुटेनात. तुम्हाला आतापर्यंत तीन सल्ले मिळालेत: मैदा वाढवा, सोडा कमी करा, ओव्हन बदला.

मी घरून बेकिंगच्या ऑर्डरी घेते आणि शिकवतेही, त्यामुळे हे चित्र ओळखीचं आहे. माझ्या मते पसरणं आणि कडक होणं ह्या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. मिश्रणात पाणी किती होतं, आणि ओव्हनमध्ये जाण्याआधी ते ओट्सनी पिऊन घेतलं होतं की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे. मैदा वाढवलात तर पसरणं थांबेल, पण दुसऱ्या दिवशीचा कडकपणा वाढेल. सोडा कमी केलात तर रंग फिका पडेल, पसरणं थोडं कमी होईल, तूप मात्र सुटायचं ते सुटेलच. ओव्हनचं नंतर बोलू. तो पूर्ण निर्दोष नसावा, पण मुख्य आरोपी तो नाही.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर ठरतील. तुम्हाला मऊ, चिवट कुकी हवी आहे की खुसखुशीत? घरात अंडं चालतं का? तुम्ही एप्रिलमध्ये करताय की डिसेंबरमध्ये? ओटीजी (म्हणजे रॉडने तापणारा छोटा विजेचा ओव्हन) आहे की कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह? तुम्ही हे लिहिलेलं नाही, म्हणून मी मधली वाट धरते: कडा कुरकुरीत, मध्य मऊ, अंडं चालतं, आणि साधा ओटीजी. बाकीचे फाटे जिथल्या तिथे सांगेन.

आधी तूप. आपल्याकडच्या अमूलसारख्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्के पाणी असतं. साजूक तुपात जवळजवळ निव्वळ स्निग्धांश, पाणी नाहीच. म्हणजे १०० ग्रॅम बटरच्या जागी १०० ग्रॅम तूप घातलं की दोन गोष्टी एकदम होतात: चरबी वीस ग्रॅमने वाढते आणि सोळा ग्रॅम पाणी गायब होतं. ओट्सना भिजायला मिळायचं ते पाणी हेच. त्यात तूप वितळलेलं. बटर साखरेबरोबर फेटलं की त्यात हवा भरते आणि ओव्हनमध्ये ते वितळायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात कुकीचा आकार धरायला सुरुवात होते. वितळलेल्या तुपात हवा धरून ठेवायला काही नसतं, ते पहिल्या मिनिटापासून वाहायला लागतं.

तूपच वापरायचं असेल तर १०० ग्रॅम बटरला ८० ग्रॅम तूप घ्या आणि वर सव्वा मोठा चमचा दूध घाला. (मोठा चमचा म्हणजे मापाचा, १५ मिलीचा. लहान म्हणजे ५ मिलीचा.) तूप थिजलेलं, रवाळ हवं. उन्हाळ्यात ते पातळच असतं, मग दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून घट्ट करून घ्या. तरीही स्पष्ट सांगते, ह्या कुकीला बटरच द्यावं. तुपाने ती खुसखुशीत आणि भुसभुशीत होते, चिवटपणा येत नाही. तुपाचं खरं राज्य नानकटाईत आहे, तिथे त्याला तोड नाही. इथे ते जरा परकं वाटतं. घरी काढलेलं ताजं लोणी घेणार असाल तर त्यात पाणी बटरपेक्षाही जास्त असतं आणि दर वेळी वेगवेगळं असतं, त्यामुळे दूध अजिबात घालू नका. खारट बटर घेतलंत तर वेगळं मीठ नको.

आता ओट्स, कारण कुकीची बैठक त्यांच्यावर आहे. दुकानात आपल्याला बहुतेक वेळा मिळतात ते झटपट शिजणारे ओट्स: पातळ लाटलेले, बारीक तुकडे झालेले. रोल्ड ओट्स जाड आणि अख्खे असतात. जाडे पोहे आणि पातळ पोहे यांत जो फरक, तोच इथे समजा. पातळ पोह्यांना पाण्याचा हबका पुरतो आणि जरा जास्त झालं की लगदा होतो. जाड्यांना भिजायला वेळ द्यावा लागतो, पण ते अंगाने सुटे राहतात. अमेरिकेत ही कुकी रुळली ती जाड्या ओट्सवर. १९०८ पासून क्वेकर कंपनी ओट्सच्या डब्यावर कुकीच्या कृती छापू लागली. तिथल्या कृती वाचताना हे गृहीत धरायचं की ओट्स जाडे, बटर बिनमिठाचं आणि स्वयंपाकघर वीस अंशांच्या आसपास गार. आपण तीच कृती पस्तीस अंशांच्या स्वयंपाकघरात, बारीक ओट्स घेऊन करतो आणि मग स्वतःच्या हाताला दोष देतो.

शक्य असेल तर रोल्ड ओट्स आणा. झटपट ओट्सच असतील तर बिघडत नाही, पण कुकी केकसारखी आणि एकसंध होते, दाताखाली ओट्स लागत नाहीत. तेव्हा ओट्सचं वजन दहा टक्क्यांनी कमी करा. मसाला ओट्स अर्थातच नको. (हसू नका, एका विद्यार्थिनीने आणले होते.) कोणतेही असोत, आधी एक चमचा कोरडे चावून बघा. ओट्समध्ये तेल बऱ्यापैकी असतं, जुन्या पाकिटाला खवट, कडवट चव येते आणि ती दालचिनीनेही झाकत नाही. मी ओट्स मंद आचेवर कोरडेच पाच मिनिटं परतते. पावसाळ्यात ओल जाते आणि एरवी खमंगपणा येतो. पूर्ण गार झाल्याशिवाय बटरमध्ये घालू नका, एवढं पथ्य पाळा.

सुका मेवा. इथे जरा थांबते, कारण ह्या कुकीची चव त्याच्यावर आहे आणि कृतींत त्याला "घाला" एवढ्याच शब्दात उरकलेलं असतं.

बेदाणा म्हणजे चांगलाच सुकवलेला जिन्नस. सांगली-तासगावकडे साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा होतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल (ह्याच कामासाठीचं तेल) यांच्या द्रावणात द्राक्षं बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत वाळवतात. द्रावणाने द्राक्षाच्या सालीवरच्या मेणाचा अडसर कमी होतो, म्हणून पाणी लवकर बाहेर पडतं. शेवटी आत पाणी उरतं जेमतेम पंधरा टक्के. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि माझ्या मते ह्या कुकीसाठी त्याच्यापुढे आयात मालाची गरज नाही. पण इतका सुका बेदाणा ओल्या मिश्रणात टाकला की तो आजूबाजूचं पाणी ओढायला लागतो. तुमच्या मिश्रणात पाणी आधीच कमी, ओट्स तहानलेले, त्यात हा तिसरा गिऱ्हाईक. वर जे बेदाणे उघडे राहतात ते ओव्हनच्या उष्णतेत आणखी सुकतात, त्यांची साखर जळते आणि ते कडू, कडक होतात.

उपाय सोपा आहे. बेदाणे आधी धुवा, देठं काढा आणि कडकडीत गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. मग निथळून सुती फडक्यात गुंडाळून हलकेच दाबा. हे दाबणं टाळू नका. बाहेर पाणी राहिलं तर प्रत्येक बेदाण्याभोवती कुकी कच्ची, पिठूळ राहते. आत पाणी हवं, अंगावर नको. पाण्याऐवजी गरम संत्र्याचा रस घेतला तर फार छान लागतं. चहाचं बिनदुधाचं पाणीही चालतं.

सगळ्या मेव्याला हाच नियम लावू नका. जर्दाळू कडक असेल तर भिजवा, मऊ असेल तर नुसता चिरा. सुकं अंजीर बेदाण्याएवढं बारीक चिरून पाच मिनिटं भिजवलं की पुरे, जास्त भिजलं तर लगदा होतो. खजूर भिजवायचा नाही. तो आधीच ओला असतो, बिया काढून चिरा आणि तुकडे कृतीतल्याच ओट्समध्ये घोळवून सुटे करा. खारीक ह्या कामाची नाही. पाकिटातल्या क्रॅनबेरीला साखर लावलेली असते, म्हणून ती घालताना साखर एक मोठा चमचा कमी करा. आंबापोळीचा मोह अनेकांना होतो. चव उत्तम लागते, पण तिचे तुकडे तळाला टेकले की जळून ट्रेला चिकटतात. त्यामुळे अगदी लहान तुकडे करायचे आणि कुकी सोडताना ते आत दाबायचे. टुटीफ्रुटी मी घालत नाही. कच्च्या पपईला साखरेचा आणि रंगाचा मुलामा दिलेला असतो, ओट्सच्या खमंगपणाशी तिचं जमत नाही. मुलांना आवडते हे मान्य.

गुळाच्या पावडरीबद्दल तुम्ही अपराधी स्वरात लिहिलंय, तशी गरज नाही. गूळ ह्या कुकीत सुंदर लागतो आणि ओलावाही धरून ठेवतो, त्यामुळे कुकी दुसऱ्या दिवशी मऊ राहायला मदतच होते. फक्त तो लवकर करपतो. पूर्ण गूळ घातलात तर तापमान दहा अंशांनी कमी ठेवा. पावडरीत गुठळ्या असतात, चाळून घ्या. मी स्वतः दोन भाग गूळ किंवा ब्राऊन शुगर आणि एक भाग साधी साखर घेते. साखरेने कडा कुरकुरीत होतात. आपली साखर जाड दाण्याची असते, ती मिक्सरमध्ये एकदाच फिरवा. अगदी पिठीसाखर केलीत तर ती पटकन विरघळून कुकी जास्त पसरेल.

आता प्रमाण. कप आणि वाट्या बाजूला ठेवा. एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५० होतो, आणि अशा छोट्या कृतीत तीस ग्रॅमने सगळं बदलतं. वजनकाटा ओव्हनच्या आधी घ्यावा असं मी शिकायला येणाऱ्यांना सांगते. १०० ग्रॅम बटर, ८० ग्रॅम गूळ पावडर किंवा ब्राऊन शुगर, ४० ग्रॅम साखर, एक अंडं, १०० ग्रॅम मैदा, अर्धा लहान चमचा खायचा सोडा, अर्धा लहान चमचा दालचिनी पूड, किंचित जायफळ, १३० ग्रॅम रोल्ड ओट्स आणि ९० ग्रॅम बेदाणे (भिजवण्याआधीचं वजन). मध्यम आकाराच्या अठरा-वीस कुकीज होतात.

बटर मऊ असावं, बोट दाबलं तर खळगा पडावा पण चकाकू नये. चकाकलं की ते तुपाच्या वाटेवर गेलं, परत गार करा. साखर आणि गूळ घालून दोन-तीन मिनिटं फेटा. फार फुलवू नका, हा केक नाही. फ्रीजबाहेर ठेवलेलं अंडं घालून एकजीव करा. मैदा, सोडा, दालचिनी एकत्र चाळून घाला आणि चमच्याने मिसळा, मग ओट्स, शेवटी बेदाणे. मिश्रण ह्या वेळी सैल आणि चिकट दिसेल. इथेच सगळ्यांचा हात मैद्याकडे जातो. तो आवरा. भांडं झाकून फ्रीजमध्ये ठेवा, निदान पाऊण तास. ह्या वेळात ओट्स पाणी पितात, बटर घट्ट होतं आणि तेच सैल मिश्रण चमच्यावर उभं राहायला लागतं. डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे अर्ध्या तासात भागतं, एप्रिल-मेमध्ये दीड तास द्या. रात्रभर ठेवलं तर चव आणखी मुरते.

कणीक वापरायची असेल तर अर्धी कणीक, अर्धा मैदा हे प्रमाण मला आवडतं. आपलं चक्कीचं पीठ मैद्यापेक्षा बरंच जास्त पाणी शोषतं, म्हणून एक मोठा चमचा दूध वाढवा. पूर्ण कणकेची कुकी पौष्टिक म्हणून खाल्ली जाते, आवडीने नाही.

अंडं नको असेल तर लक्षात घ्या, अंड्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. अंडं नुसतं वगळून चालत नाही, ते पाणी परत द्यावं लागतं. एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवली की ती बुळबुळीत होते, ती ह्या कुकीत छान काम करते. ओट्सच्या चवीत जवस वेगळं ओळखूही येत नाही. दही घालता येतं, पण त्याचा आंबटपणा सोड्याशी लागतो आणि कुकी फुगून केकसारखी होते.

ओव्हन आधी रिकामा तापवा, दिवा विझला म्हणून लगेच ट्रे आत टाकू नका. ओटीजीत दहा-पंधरा मिनिटं तरी द्या. १७५ अंश, खालची-वरची दोन्ही रॉड, मधला कप्पा. बऱ्याच ओटीजींचं बटण दाखवतं एक आणि आत असतं दुसरं, वीस अंशांचा फरक सहज पडतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. कन्व्हेक्शनमध्ये पंखा असतो, तिथे १६५ पुरे. ओटीजीबरोबर येणारा काळा पातळ ट्रे तळ करपवतो. त्यावर बटर पेपर घाला, तरीही करपलं तर एकाखाली एक असे दोन ट्रे ठेवा.

पूर्ण ट्रे भरण्याआधी एकच कुकी भाजून बघा. चार मिनिटांत पोळी झाली तर मिश्रण अजून वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. तरीही झाली तरच एक मोठा चमचा मैदा घाला. गोळा जागचा हललाच नाही तर पाणी कमी आहे, एक-दोन लहान चमचे दूध घाला आणि पुढचे गोळे सोडल्यावर चमच्याच्या पाठीने थोडे दाबा. मध्ये दोन इंच अंतर सोडा. वर दिसणारे बेदाणे बोटाने आत ढकला, म्हणजे ते करपणार नाहीत.

वेळ अकरा ते तेरा मिनिटं. बाहेर काढताना कडा सोनेरी आणि मध्य ओलसर, कच्चा वाटेल असा हवा. तुमच्या कुकीज दुसऱ्या दिवशी दगड झाल्या, त्यात इथलाही वाटा असणार: मध्य कडक होईपर्यंत बहुतेक तुम्ही त्या आत ठेवल्या असाव्यात. गरम असताना आतली साखर वितळलेली असते, ती बाहेर आल्यावर घट्ट होते. ट्रेवरच पाच मिनिटं राहू द्या, तोवर उचलायला गेलात तर मोडतील. मग जाळीवर पूर्ण गार करा. खुसखुशीत हवी असेल तर दोन-तीन मिनिटं जास्त भाजा आणि गोळे लहान, चपटे ठेवा.

डब्यात भरताना किंचितही कोमट नकोत, वाफ धरते. कोरड्या हवेत घट्ट झाकणाच्या डब्यात पाच-सहा दिवस छान राहतात. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये त्या दोन दिवसांत सादळतात. तेव्हा १५० अंशांवर चार-पाच मिनिटं परत गरम करून गार केल्या की कडा पुन्हा कुरकुरीत होतात. पावसाळ्यात मी सगळ्या एकदम भाजतच नाही. गोळे ताटात सुटे ठेवून फ्रीजरमध्ये कडक करते, मग पिशवीत भरते. महिना-दीड महिना टिकतात. लागतील तेवढे काढून गोठलेलेच ट्रेवर ठेवायचे आणि दोन मिनिटं जास्त भाजायचे. हे गोळे कमी पसरतात, त्यामुळे पहिल्यांदा करताना तुम्ही हाच मार्ग धरलात तरी चालेल. पुढच्या खेपेला ओव्हनचा प्रकार आणि अंड्याचं काय ते कळवा, म्हणजे वेळ आणि तापमान नेमकं सांगता येईल.